सगळं लोण्यात उतरलंय

मी लोण्याला पाठ समजलो.

एवढीच माझी चूक. पण तिच्यापायी मी उपचार सोडायला निघालो होतो, बायकोला मनातल्या मनात खोटारडी ठरवलं होतं, आणि एका दुपारी बेळगावातल्या भर रस्त्यानं रिक्षात आडवा पडून, "गाडी माघारी घे, माझी पाठ घरात राहिलीया," असं रिक्षावाल्याला ओरडून सांगत दवाखान्यात गेलो होतो. रिक्षावाला भला माणूस. "घेऊया की काका, येताना घेऊया," म्हणाला.

हे लिहायचं कारण असं की, मी बरा झाल्यापासून लोक मला बाजूला घ्यायला लागलेत. तपासणीला गेलो की कुणाची तरी सून, कुणाचा तरी जावई जवळ येतो, इकडंतिकडं बघतो आणि हळूच विचारतो, "ते तुमचं हिरवं लोणी कसं करतात म्हणे?" गोष्ट कुणी फोडली ते मला माहीत नाही. संशय माझ्या थोरल्या बहिणीवर, आक्कावर आहे. तर ज्यांना कृती हवी आहे त्यांना ती इथं मिळणार नाही. ते खाल्लेल्या गाढवाची हकिगत मिळेल. तीच जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

फॅटचा माणूस

मी दूध डेअरीच्या संकलन केंद्रावर असतो. खानापूरकडच्या गावांतून सकाळी कॅन येतात. कॅन उघडायचा, नाक घालून वास घ्यायचा, पाणी पकडायला डिग्री बघायची, फॅट लावायचं. आमच्या धंद्यात लोणी, साय, तूप असले शब्दच नाहीत. सगळं फॅट. दूध घालणारा प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो की दूध धारेचं आहे, आणि तो पाणी घालतोय या श्रद्धेवर माझा संसार उभा आहे. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस घरी येऊन चहासुद्धा उजेडात धरून बघतो. मी बघतो.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. कॅन रॉकेलजवळ ठेवू नका, कांद्याजवळ ठेवू नका. फॅट वास धरतं. शेजारी जे असेल ते सगळं फॅटमध्ये उतरतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

कानाखाली सुपारीएवढी गाठ आली तेव्हा मी दाढ समजून लवंग धरून बसलो. मग दुसरी गाठ काखेत आली. काखेत दाढ नसते हे माझी बायको, शोभा, हिच्या लक्षात आलं, आणि तिनं मला ओढत डॉक्टरांकडं नेलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला. त्याचा निकाल सांगायचा दिवस आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. डॉक्टर तरुण, चेहरा धुतलेल्या कॅनसारखा लख्ख. म्हणाले, "लिम्फोमा आहे. गाठींचा कॅन्सर. पण घाबरू नका, हा औषधाला दाद देणारा प्रकार आहे."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून सुरू केलं आणि शोभाकडं बघून संपवलं. मी तिथंच टिपलं. कॅनवाला पाणी घालून आला की असाच, बोलता बोलता नजर दुसरीकडं नेतो.

त्यानंतर जे झालं ते त्याहून वाईट. डॉक्टर धारवाडकडचे. शोभाचं माहेर चिकोडीच्या पलीकडं. घरात मराठी, शाळा कन्नड. दोघांना एकमेकांची भाषा सापडली आणि ती दोघं माझ्यासमोर, माझ्या रोगावर, कन्नडमध्ये बोलायला लागली. मी मूळचा जांबोटीकडच्या खेड्यातला. माझं कन्नड म्हणजे 'एष्टु', 'बॅड' आणि 'होगरी'. म्हणजे किती, नको आणि जावा. एवढ्या तीन शब्दांवर बेळगावात माणूस अख्खा जन्म काढू शकतो, मी काढत आलो. पण येत नाही असं कबूल करायला जीभ उचलत नाही. म्हणून मी मधून मधून मान हलवत राहिलो.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाले?"

"खायाप्यायचं सांगितलं."

"एवढा वेळ?"

"तुमास्नी समजलं की. मान हलवत व्हता न्हवं?"



पांढरी गोळी

औषध चढवायचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी जायचं, लांबलचक आरामखुर्चीत पडायचं, हाताला सुई, वरनं थेंब. शेजारच्या खुर्च्यांत टक्कल पडलेले लोक. पहिल्या दिवशी भीती वाटते ती सुईची नाही, त्या लोकांची. आपण त्यांच्यातले आहोत हे पटत नाही. तिसऱ्या खेपेला तुम्हीच नव्या माणसाला सांगता, "ती खिडकीकडची खुर्ची धरा, तिथं वारं येतंय."

खरा त्रास घरी आल्यावर. मळमळ. पोटात कुणी तरी घुसळायला बसल्यासारखं. आणि सगळ्यात आधी काय सुटावं? दूध. दुधाच्या नुसत्या वासानं मी मोरीकडं पळायचो. शोभा दूध तापवायला लागली की मी गच्चीवर. डेअरीतले लोक भेटायला आले तर त्यांच्या कपड्यांचाही वास सोसेना. भात नको, आमटी नको, पाणी कडू. पॅन्ट कमरेवर राहीना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वजन असं उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही. आणि डोस लांबला तर गाठी परत डोकं वर काढतील. काही करा, खा."

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या वेळी मी कुणालाही सांगितली नव्हती. मळमळीवर डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली होती. ती घेतली की मला झोप यायची. आणि मी झोपलो की आतल्या खोलीत शोभाचं भावाशी फोनवर कन्नड सुरू व्हायचं. मी हिशेब मांडला: मी झोपावं, आणि यांनी माझ्या मागं माझ्याबद्दल बोलावं, यासाठीच ती गोळी आहे. म्हणून तोंडात धरायची, पाणी प्यायचं, आणि घरातली माणसं आत गेली की गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीत थुंकायची. त्या काळात आमच्या तुळशीला मळमळ म्हणून झाली नाही.

निपाणीची पिशवी

आक्का गावाकडनं राहायला आली. येताना तांदूळ, नाचणी आणि स्वतःची मतं घेऊन आली. मला बघून म्हणाली, "काय रं हे मारुती, भुजगावण्याला कापडं घातल्यागत दिसतोयस." मग पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली. आक्काचं दुःख असं. आधी टोचून बोलते, मग रडते.

शोभाचा धाकटा भाऊ आप्पू निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. घरात मराठी असली तरी गुपित बोलायचं झालं की ही भावंडं शाळेतल्या कन्नडवर जातात. आधी तो वर्षातनं दोनदा यायचा, आता आठवड्याला यायला लागला. मेव्हणा उगाच येत नसतो. हातात कायम एक कापडी पिशवी. निपाणीच्या माणसाच्या पिशवीला तंबाखूचा वास येणारच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. त्या वासामागं दुसरा एक वास होता, तो मी धरायला हवा होता. पण माझं नाक आजारी होतं आणि डोकं त्याहून जास्त.

इकडं शोभा मोबाईलवर काहीबाही बघायला लागली, कानात बोंडं घालून. मी डोकावलं तर एक गोरी बाई भल्यामोठ्या चकचकीत स्वयंपाकघरात काही तरी ढवळत होती. मी दिसताच शोभानं मोबाईल पालथा घातला.

"काय बघतीस?"

"केक."

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, शोभानं केकचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

मग एका रविवारी सकाळीच तिनं मला गच्चीवर काढलं. "जावा, ऊन खावा." खालच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद. पंखा बंद. आप्पू आलेला. आक्काला कुणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला पिटाळलेलं. मी कठड्याला टेकून बसलो तर खालनं एक वास वर आला. ओल्या गवताची गंजी आतनं तापते तेव्हा येतो तसा, उग्र, हिरवा, थोडा जळका. मला वाटलं, माझंच नाक बिघडलं. या आजारात तसं होतं म्हणतात.

बराच वेळ झाला तरी कुणी हाक मारीना, तसा मी चपला हातात घेऊन जिना उतरलो. चोर पकडायला जायची माझी रीत हीच. दाराच्या फटीला कान लावला. आतनं आप्पूनं काही तरी विचारलं, आणि शोभाचा आवाज, बारीक पण स्पष्ट:

"एल्ला बेन्नाग इळदैति. अवरिग हेळबॅड."

माझ्या तीन शब्दांत आता आणखी दोन-चारांची भर पडली होती. 'एल्ला' म्हणजे सगळं. 'इळदैति' म्हणजे उतरलंय. बसमध्ये रोज ऐकतो. 'अवरिग हेळबॅड', त्यांना सांगू नको. आणि 'बेन्नु'? ते तर मला पक्कं ठाऊक. केंद्रावर कॅन उचलणारा बसप्पा रोज कमरेला हात लावून 'बेन्नु, बेन्नु' करत वाकतो. बेन्नु म्हणजे पाठ.

सगळं पाठीत उतरलंय. त्यांना सांगू नको.

मी चपला हातात घेऊन तसाच परत वर गेलो.

पाठ

त्या संध्याकाळी माझी पाठ दुखायला लागली. खोटं सांगत नाही, खरीच दुखायला लागली. एकेक मणका मला वेगळा कळायला लागला. मी दाराच्या चौकटीला पाठ घासून बघायचो, भिंतीला टेकून बघायचो. आरशात मान वळवून बघायला गेलो आणि मान तेवढी लचकली.

सरळ विचारायचं होतं. "शोभा, पाठीत गेलंय का?" एवढंच. पण इतकी वर्षं मी कुणाला विचारून दुधातलं पाणी शोधलेलं नाही. विचारलं की माणूस खोटं सांगतो ही माझी शिकवण. आणि खरं सांगू? ती 'व्हय' म्हणाली असती तर, याची भीती त्याहून मोठी होती.

म्हणून मी ठरवलं. पुढच्या डोसला जायचं नाही. सगळं पाठीत उतरलंच आहे तर कशाला त्या खुर्चीत पडून उलट्या करायच्या? डोसच्या आदल्या दिवशी सांगायचं, गावाकडं जातो. जांबोटीच्या बसला बसायचं, दारात घोंगडं टाकून पडायचं. भाषणसुद्धा तयार केलं होतं. त्यात शोभाला उद्देशून एक वाक्य होतं, ते मला इतकं आवडलं होतं की म्हणताना माझेच डोळे भरायचे.

तेवढ्यात लाड सुरू झाले. मरणाऱ्या माणसाचे लाड मी गावाकडं पाहिलेत. त्याला विचारतात, काय खावंसं वाटतंय. शोभानं नानखटाई केली. आमच्याकडं नानखटाई म्हणजे पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं, भट्टीवाल्याकडनं भाजून आणायची. अख्खी गल्ली तसंच करते. या बाईनं घरी, कुकरमध्ये वाळू तापवून, खिडक्या लावून भाजली.

"बेकरीत का न्हाय नेलं?"

"गर्दी असती."

श्रावण नाही, दिवाळी नाही, कसली गर्दी? त्यातनं मला दुपारी फक्त अर्धी द्यायची. डबा कुलपात. आक्कानं एक मागितली तर शोभा जवळजवळ ओरडली, "ती त्येंच्यासाठी हाय!" आक्का महिनाभर ते बोलून दाखवत होती. माझ्या मनात आलं, माझं ताट वेगळं, माझा डबा वेगळा. आता उरलं काय?

पण एक कबूल करायला हवं. ती अर्धी नानखटाई खाल्ली की थोड्या वेळानं पोटातलं घुसळणं मंदावायचं. एकदा तर मी आपणहून लोणचं मागितलं. शोभा ताट वाढताना माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी दुधाच्या नमुन्याकडं बघतो. हे बघणं मी दया समजलो.

हिरवं

डोसच्या आदल्या दिवशी शोभा औषधं आणायला गेली. आक्का मागच्या दारी तांदूळ निवडत होती. गावाला जायची पिशवी भरायच्या आधी काही खाऊन घ्यावं म्हणून मी फ्रीज उघडला. भाजीच्या मागं, कोथिंबिरीच्या जुडीत दडवलेला एक स्टीलचा डबा. तोंडाला फडकं. फडकं सोडलं तर आत लोणी. हिरवं.

धंद्याचं नाक जागं झालं. मी वास घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "भेसळ."

मग मनात आलं, भेसळ तर भेसळ, आता कुणाला भ्यायचं? आक्कानं नुकत्याच तांदळाच्या भाकरी केल्या होत्या, गरम. मी लिंबाएवढा गोळा काढला, भाकरीवर ठेवला, वर ठेचा. लोणी वितळून भाकरीत मुरलं. चव कडसर, पाल्याची. पण कितीतरी दिवसांनी लोणी-भाकरी तोंडात गेली होती आणि मोरी आठवली नाही. दुसऱ्या भाकरीवर दुसरा गोळा. डब्याची कड बोटानं पुसून घेतली. लहानपणी आईच्या रवीची घेत होतो तशी.

बराच वेळ काही झालं नाही. मी पिशवी भरली. मग ती पिशवी भरतोय हे विसरून परत रिकामी केली. मग खाटेवर पडलो आणि वर बघितलं, तर पंखा कन्नड बोलत होता. आणि मला ते सगळं समजत होतं.

इथं हसून घ्या. कारण पुढचं मला अजून हसवत नाही. तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. छाती धडधडायला लागली, कानात ऐकू यायला लागली. भिंत जवळ आली, लांब गेली. आणि पाठ नाहीशी झाली. हात होते, पाय होते, मधली पाठ कुणीतरी काढून नेली होती.

"आक्का! आक्का गं! माझी पाठ हाय का बघ."

आक्का सूप घेऊनच आली. "हाय की. कुठं जाईल?"

"हात लावून सांग."

"लावला."

"मला लागत न्हाय!"

"मग तुझं डोस्कं गेलंय. पाठ हाय जागच्या जागी."

तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. पाठीत उतरलंय, ह्यांनी लपवलंय, मी कन्नडात ऐकलंय, मी चाललो. आक्का सूप बाजूला ठेवून मटकन खाली बसली आणि तिनं असा गळा काढला की मला वाटलं, झालं, हिलाही माहीत होतं. ती माझं ऐकून रडत होती आणि मी तिचं रडणं ऐकून मरत होतो. दोघं अशी एकमेकांची खात्री पटवत बसलो होतो.

एवढ्यात शोभा आली. पाणी आणायला स्वयंपाकघरात धावली आणि तिथनंच तिचा आवाज आला:

"फ्रीजमधला डबा कुणी काढला?"

मी मरतोय आणि ही डबे मोजतेय. बायकोवरचा माझा विश्वास त्या क्षणी संपला. पुढचं रिक्षाचं तुम्हाला सांगितलंच आहे.

कुठली पाठ?

दवाखान्यात तेच डॉक्टर. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि शोभाला कन्नडमध्ये काही विचारलं. शोभानं मान खाली घातली आणि मराठीत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं:

"भांग हाय त्यात. लोण्यात कढवलीया. मीच केलं. आप्पूनं पाला आणला. त्येंना अन्न जाईना, तुमी म्हणालात वजन उतरलं तर डोस न्हाय. एक बाई मोबाईलवर सांगत व्हती, भूक लागती म्हणून. नखाएवढं घालून अर्धी नानखटाई द्यायचे मी. ह्येंनी निम्मा डबा खाल्ला."

मला डोळे नीट उघडत नव्हते, पण कान जागेवर होते. म्हणालो, "आणि पाठीतलं? ते पण सांग की आता."

"कुठली पाठ?"

"मी ऐकलंय. आप्पूला म्हणालीस. एल्ला बेन्नाग इळदैति. हेळबॅड म्हणालीस."

शोभा एकेक अक्षर फोडून म्हणाली, "बे-ण्ण्या-ग."

"तेच की. बेन्नाग."

"अवो, बेन्नु म्हंजे पाठ. बेण्णे म्हंजे लोणी! पाल्याचा अर्क लोण्यात उतरला का, असं विचारत व्हता आप्पू. मी म्हटलं, सगळा लोण्यात उतरलाय."

डॉक्टर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"बेण्णे दोशाच्या गाडीवर उभं राहून निम्मा पगार खाल्लासा," शोभा म्हणाली, "आणि बेण्णे म्हंजे काय ठावं न्हाय?"

मी तिथं कायम 'लोणी डोसा' म्हणून मागत आलोय. पाटी कन्नडात आहे. मला वाचता येत नाही.

हे सगळं बोलताना ती हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. खाटेच्या कडेला बसली आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली, "पाठीत गेलं असतं तर मी तुमास्नी मराठीत सांगितलं असतं."



मला सलाईनवर ठेवून घेतलं. नशा उतरल्यावर डॉक्टर आले, तेव्हा ते हसत नव्हते. शोभाला म्हणाले, घरी कढवलेल्या असल्या लोण्यात ते किती उतरलंय हे कुणालाच कळत नाही, करणाऱ्यालाही नाही. चालू औषधांत ते कसं वागेल सांगता येत नाही. छाती अशी धडधडणं या अवस्थेत खेळ नव्हता. शिवाय तो पाला घरात सापडला असता तर पोलिसांना यांची मळमळ समजावत बसावं लागलं असतं. "मला का नाही सांगितलंत? मळमळीवर माझ्याकडं आणखी औषधं आहेत. ती पांढरी गोळी लागू पडत नव्हती, तर ती बदलून दिली असती."

शोभा म्हणाली, "रोज देत व्हते मी. हातानं देत व्हते."

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी तुळशीचं सांगितलं.

शोभा उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आजारपणात घरातल्या माणसांची भांडणं होतात, ती औषधांवरनं, पैशावरनं होतात असं वाटतं. आमचं भांडण झालंच नाही. ती नुसती बाहेर उभी राहिली. ते मला सगळ्यात जड गेलं.

खिडकीकडची खुर्ची

पाठीचा फोटो काढला. साफ होती. दुखायची ती चौकटीला घासून घासून सोललेल्या कातड्यामुळं. डोस थोडा लांबला, पण झाला, खिडकीकडच्या त्याच खुर्चीत. जांबोटीची बस माझ्याविना गेली. नवी गोळी दिली, तिनं झोप येत नव्हती, किंवा येत असेल, मी बघितलं नाही. गिळली.

राहिलेल्या हिरव्या लोण्याचं काय करायचं यावर घरात सभा भरली. आप्पूची नजर माझ्याकडं नव्हती. "दाजी, मला वाटलं बरं वाटंल तुमास्नी," एवढंच म्हणाला. पाला कुठनं आणला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी म्हटलं, गावाकडं म्हशीला घालू. आक्का म्हणाली, "म्हशीला घातलं तर दुधात उतरंल. ते दूध तुझ्याच डेअरीत येईल. तू वास घेशील आणि डिग्री बरोबर हाय म्हणून पावती फाडशील." शेवटी आक्कानंच ते साबणाच्या पाण्यात कालवून मोरीत ओतलं.

त्यानं फायदा झाला का? विचारणाऱ्यांना मी खरं तेच सांगतो. अर्ध्या नानखटाईनं भूक लागायची, हे खरं. ती पाल्यानं लागायची, की शोभा समोर बसून घास मोजायची म्हणून, ते मला वेगळं काढता येत नाही. वेगळं काढणं हा माझा धंदा असूनसुद्धा. पण लागणारी गोळी कुंडीत थुंकून, नंतर चोरून पाला खाणारा माणूस हा काही औषधाचा पुरावा नव्हे. तुमच्या पोटात काय चाललंय ते डॉक्टरांना सांगा. आणि घरात कुणी दाराआड बोलत असेल तर चपला पायात घालून, वाजत, आत जा.

शोभा आता डॉक्टरांशी बोलताना प्रत्येक वाक्याला थांबते आणि मला मराठीत सांगते. मीही कन्नड शिकायला घेतलंय. 'ण' आणि 'न' यांच्यात जिभेची जागा वेगळी असते, हे मला या वयात कळलं. औषधं संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काही दिसत नाही. मी त्यांना कन्नडमध्ये परत विचारलं, मग मराठीत विचारलं, मग शोभाकडं बघितलं. ती म्हणाली, "खरं हाय." तरी रिक्षात बसल्यावर मी एकदा आणखी विचारलं. सवय जात नाही.

परवा डोक्यावर केस पहिल्यांदा कंगव्याला अडकले. बारीक, भुऱ्या रंगाचे, कोंबडीच्या पिलासारखे. मी आरशासमोर उभा राहिलो, पाणी लावलं आणि आत आवाज दिला, "शोभा, भांग कुठल्या अंगाला पाडू गं?"

शोभा काही बोलायच्या आधी आक्का स्वयंपाकघरातनं ओरडली:

"आतली भांग आधी उतरू दे रं, वरचा भांग मग पाड. गप टोपी घाल आणि जेवाय ये."